दोन बिंदूंवरून रेषा ओढू नका

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात बोललो तेव्हा माझ्यामागे फळा होता आणि हातात खडू होता. स्मरणिकेच्या पानावर ती सोय नाही. म्हणून वाचकहो, एक विनंती आहे. घरात ज्या मुलाची अगर मुलीची आलेखवही असेल ती मागून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. पट्टी मात्र घेऊ नका. ती का नको, हे पुढे आपोआप कळेल.

गणिताच्या शिक्षकाला पालक एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, हे बीजगणितातले आलेख काढून पोराला पुढे उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या माणसाला तो विचारण्याचा हक्कच आहे. त्याचे उत्तर मी एका प्रसंगाने देतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर साकीनाक्याकडचे एक पालक शाळेत आले. मुलगा नववीत होता. आठवीच्या दुसऱ्या सत्रात त्याला गणितात शंभरपैकी ६१ गुण होते, नववीच्या पहिल्या सत्रात ३४. वडील म्हणाले, "सर, उतरती लागली आहे. दाखला द्या. माझ्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे लावून टाकतो." त्यांना दोष कसा देऊ? माझ्या नोंदवहीत त्या मुलाच्या नावापुढे मीही 'उतरता' असाच शेरा मारला होता.

मी त्यांना बसवले आणि आलेखवहीवर ते दोन बिंदू मांडले. पट्टीने जोडले. एका सत्रात २७ गुणांची घट. रेषा तशीच पुढे नेली, तर पुढच्या सत्रात ७ गुण आणि त्याच्या पुढच्या सत्रात, म्हणजे दहावीच्या पहिल्या सत्रात, उणे २०! वडील हसले. "उणे गुण कसे पडतील, सर?" मी म्हटले, "तेच तर! चूक मुलाच्या गुणांत नाही, तुम्ही-आम्ही ओढलेल्या रेषेत आहे." त्या मुलाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. तोपर्यंत आपण रेषा सोडून वक्राकडे वळू.

विद्यार्थी मित्रांनो, राज्य मंडळाच्या पुस्तकात नववीला तुम्ही बहुपदी शिकता आणि दहावीला दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आलेख. ते सगळे आलेख सरळ रेषा असतात. तीन बिंदू काढले, पट्टी ठेवली, काम झाले. ही सवय हाताला इतकी बसते की अकरावीला वक्र समोर आला तरी हात पट्टीकडेच जातो.

आता वहीवर आडवा क्ष-अक्ष आणि उभा य-अक्ष काढा. क्ष-अक्षावर २ आणि ४ या ठिकाणी बिंदू द्या. दोन्ही ठिकाणी य शून्य आहे. पट्टीवाला म्हणेल, यांना जोडणारी रेषा म्हणजे हा अक्षच, सगळीकडे शून्यच शून्य. परंतु य = (क्ष − २)(क्ष − ४) ही बहुपदी घ्या. क्ष २ असो वा ४, उत्तर शून्य. मधल्या ३ ला मात्र उत्तर १ गुणिले उणे १, म्हणजे उणे १. आलेख दोन बिंदूंच्या मध्ये खाली बुडतो. आता सगळ्याचे चिन्ह बदला. तेच दोन बिंदू, पण मध्ये आलेख वर चढतो. दोन बिंदूंतून सरळ रेषा एकच जाते. वक्र मात्र मोजता येणार नाहीत इतके जातात.

मग वक्र ओळखावा कसा? पन्नास बिंदू काढून? नाही. बहुपदीला विचारावे, ती स्वतःच बोलते. तिचे अवयव पाडा. प्रत्येक अवयव ज्या ठिकाणी शून्य होतो, तेथे आलेख क्ष-अक्षाला भेटतो. अवयव एकदाच आला असेल तर आलेख अक्ष ओलांडून पलीकडे जातो. तोच अवयव दोनदा आला, उदाहरणार्थ (क्ष − ३)(क्ष − ३), तर आलेख अक्षाला नुसता टेकतो आणि आल्या बाजूलाच परत फिरतो. शून्याला पोहोचलेली प्रत्येक गोष्ट शून्याखाली जातेच असे नाही, हे गणित सांगते.

त्यानंतर टोके पाहा. बहुपदीची कोटी सम असेल तर आलेखाची दोन्ही टोके एकाच दिशेला जातात, दोन्ही वर किंवा दोन्ही खाली. कोटी विषम असेल तर एक टोक वर, दुसरे खाली. कोटी जितकी, त्याहून एकने कमी इतकीच वळणे जास्तीत जास्त येऊ शकतात. दोन कोटीला एक वळण, तीन कोटीला फार तर दोन. एवढ्या माहितीवर आलेखाचा ढोबळ आकार बिंदू न मोजताही काढता येतो.

आता घरातले उदाहरण घेऊ. ईदला मिठाई भरायला लहानसा खोका करायचा आहे. १२ सेंटिमीटर बाजूचा चौरस पुठ्ठा घ्या. चारही कोपऱ्यांतून क्ष सेंटिमीटर बाजूचे चौरस कापून टाका आणि कडा वर दुमडा. वरून उघडा खोका तयार झाला. त्याची उंची क्ष आणि तळाची बाजू १२ − २क्ष. म्हणजे घनफळ य = क्ष(१२ − २क्ष)(१२ − २क्ष). ही तीन कोटीची बहुपदी आहे.

क्ष १ घेतला तर घनफळ १०० घनसेंटिमीटर, २ घेतला तर १२८, ३ ला १०८, ४ ला ६४, ५ ला २० आणि ६ ला शून्य, कारण तळच उरला नाही. हे बिंदू हाताने, पट्टीशिवाय जोडा. आलेख शून्यातून निघून २ पाशी शिखर गाठतो आणि ६ पाशी अक्षाला टेकतो. तेथे अवयव दोनदा आला आहे, म्हणून आलेख खाली न जाता पुन्हा वर चढू लागतो. क्ष ७ ला घनफळ २८ येते! पण १२ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यातून दोन्ही कोपऱ्यांना सात-सात कोण कापणार? समीकरण पुढे चालूच राहते, पुठ्ठा मात्र संपलेला असतो. आलेखाचा कोणता भाग खरा धरायचा, हे समीकरण सांगत नाही. ते आपण ठरवायचे असते.

याच आलेखाला आणखी एक प्रश्न विचारा. १०० घनसेंटिमीटरचा खोका हवा असेल तर किती तऱ्हांनी करता येईल? आलेखावर १०० च्या उंचीने आडवी रेषा धरा. शून्य ते सहाच्या दरम्यान ती दोन ठिकाणी छेदते, म्हणजे दोन तऱ्हांनी. १२८ चा खोका एकाच तऱ्हेने. १३० चा खोका या पुठ्ठ्यातून होणारच नाही, कितीही डोके खाजवा. उत्तर शोधायला बसण्यापूर्वीच उत्तरे दोन, एक की एकही नाही, हे कळले.

हा प्रश्न याच रीतीने विचारणारे गृहस्थ आठशे वर्षांपूर्वी होऊन गेले. त्यांचे नाव शरफुद्दीन तूसी. प्रसिद्ध ज्योतिर्विद नासिरुद्दीन तूसी ते हे नव्हेत. हे त्यांच्या आधीचे, इराणातल्या तूस गावचे, आणि १२१३ च्या सुमारास वारले. एखादे घनसमीकरण सुटेल की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी आधी त्या राशीची मोठ्यात मोठी किंमत शोधली. दिलेली संख्या तिच्याहून लहान असेल तर दोन धन उत्तरे, तिच्याइतकीच असेल तर एक, मोठी असेल तर एकही नाही. आपल्या खोक्याचे गणित त्यांच्याच जातीचे आहे.

त्यांच्याही आधी उमर खय्याम होऊन गेले, १०४८ ते ११३१. लोक त्यांना रुबायांमुळे ओळखतात. बीजगणितात त्यांचे काम असे की घनसमीकरणाचे उत्तर त्यांनी दोन वक्रांच्या छेदनबिंदूवरून काढले, कोठे वर्तुळ आणि अन्वस्त, कोठे दुसरे शांकव. त्यांच्यापाशी आलेख कागद नव्हता. समीकरणे आणि वक्र यांची सांगड घालणारा देकार्त यांचा ग्रंथ १६३७ चा. आणि अल्जिब्रा हा शब्दच मुळी अल्-ख्वारिज्मी यांच्या नवव्या शतकातल्या, बगदादमध्ये लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातील 'अल्-जब्र' वरून आला.

ही नावे मी छाती फुगवण्यासाठी घेत नाही. मोठ्यांची नावे घेऊन आपली उदाहरणे सुटत नाहीत. मला दाखवायचे आहे ते वेगळेच. ज्या महाराष्ट्रात आपण राहतो, तेथे चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाला मिळालेल्या देणगीची १२०७ ची नोंद त्यावर आहे. त्याच भास्कराचार्यांची 'लीलावती' अकबराच्या दरबारातील फैजी यांनी १५८७ मध्ये फारसीत आणली. त्यांचे 'बीजगणित' अताउल्लाह रुश्दी यांनी १६३४-३५ च्या सुमारास फारसीत आणले. हे रुश्दी म्हणजे शाहजहानचे वास्तुविशारद उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. इल्म कोणाच्या एकाच्या घरचे नसते. जो बसून मेहनत करतो त्याचे ते होते.

आतापर्यंतचे आलेख अखंड होते, पेन्सिल न उचलता काढता येणारे. आता तुटणाऱ्या आलेखांकडे येऊ. छेदातही चल असला, म्हणजे एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागले, की त्याला परिमेय फलन म्हणतात. त्याचे उदाहरण तर आपण रोज जगतो.

घाटकोपर ते अंधेरी, वर्सोवा ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. अंतर ११.४ किलोमीटर, स्थानके १२. सरासरी वेग ताशी क्ष किलोमीटर असेल तर लागणारी मिनिटे य = ६८४ भागिले क्ष. रस्त्याचे अंतरही सोयीसाठी तेवढेच धरा. ताशी ६ किलोमीटरने, म्हणजे झपाझप चालत गेलात तर ११४ मिनिटे. १२ ने ५७ मिनिटे, १८ ने ३८ मिनिटे आणि ३६ ने १९ मिनिटे. हे बिंदू मांडून पाहा. डावीकडे आलेख उभा कडा असल्यासारखा कोसळतो आणि उजवीकडे सपाट होत जातो. ६ वरून १२ वर गेलो, म्हणजे वेग ६ ने वाढवला, तर ५७ मिनिटे वाचली. ३६ वरून ४२ वर गेलो, वाढ तीच ६ ची, पण वाचली तीन मिनिटांहूनही कमी. मागे असलेल्याला दिलेला थोडासा हात किती मोठे काम करतो, ते या वक्रात दिसते.

वेग कितीही वाढवा, वेळ शून्य होणार नाही. आलेख क्ष-अक्षाच्या जवळ-जवळ जाईल, टेकणार मात्र नाही. उलट वेग कमी-कमी करत जा. पावसाळ्यात अंधेरी-कुर्ला रस्त्यावर अडकलेल्या माणसाला हे सांगायला नको. ताशी १ किलोमीटर वेगाला ६८४ मिनिटे, म्हणजे ११ तास २४ मिनिटे. आणि वेग शून्य असेल तर? उत्तरच नाही. शून्याने भागता येत नाही, म्हणजे थांबलेली गाडी कधीच पोहोचत नाही. आलेख य-अक्षाच्या कडेने वर-वर निघून जातो, त्याला शिवत नाही. अशा रेषेला अनंतस्पर्शी म्हणतात.

येथे विद्यार्थी एक चूक करतात, आणि ती मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. य = १ भागिले क्ष याचा आलेख काढायला सांगितला की क्ष १ ला य १ आणि क्ष उणे १ ला य उणे १ हे दोन बिंदू मांडतात, पट्टी ठेवतात आणि थेट आरंभबिंदूतून रेषा ओढतात. म्हणजे त्यांच्या मते १ भागिले शून्य बरोबर शून्य! जरा जवळचे बिंदू घ्या. क्ष एक दशांशला य १० येतो, आणि उणे एक दशांशला उणे १०. मधे दरी आहे, तेथे पूल नाही. ज्या ठिकाणी छेद शून्य होतो तेथे पेन्सिल उचलली पाहिजे.

कधी दरी नसते, नुसते भोक असते. क्षचा वर्ग उणे ४, भागिले क्ष उणे २, हे घ्या. अंशाचे अवयव पाडून समान अवयव खोडला की क्ष + २ उरते, म्हणजे सरळ रेषा. परंतु क्ष २ ला मूळ राशीला अर्थ नाही. म्हणून त्या रेषेवर २ पाशी, ४ च्या उंचीवर, एक बारीक पोकळ वर्तुळ काढायचे. खोडलेला अवयव कागदावरून जातो, त्याची खूण मात्र राहते.

तेव्हा मित्रांनो, कोणताही आलेख समोर आला की पाच प्रश्न विचारा. तो अक्षाला कोठे भेटतो? तेथे ओलांडून जातो की टेकून परततो? कोठे तुटतो? लांबवर त्याची टोके कोठे जातात? आणि प्रत्यक्षात त्याचा कितपत भाग खरा धरायचा? घरी सरावासाठी य = (क्ष − १) भागिले (क्ष − ३) घ्या. १ पाशी तो अक्ष ओलांडतो. ३ पाशी तुटतो. २ ला उणे १ आहे आणि ४ ला ३, म्हणजे दरीच्या एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर. लांबवर काय होते? क्ष १०३ ला य १.०२ येतो, उणे ९७ ला ०.९८. दोन्ही टोके १ च्या उंचीला सपाट होत जातात. पन्नास बिंदू काढावे लागले नाहीत, पाच प्रश्न पुरले.

आता तो मुलगा. वडील हसले तेव्हा मी तिसरा प्रश्न विचारला, अर्थात गणिताच्या भाषेत नव्हे. "दोन सत्रांच्या मध्ये घरात काही झाले का?" थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, चाळ पुनर्विकासाला गेली आणि मे महिन्यात ते मुंब्र्याला भाड्याने राहायला गेले. मुलगा पहाटे निघून लोकलने घाटकोपरला येई आणि तेथून मेट्रोने शाळेत. संध्याकाळी घरी पोहोचला की पुस्तक उघडून बसल्या जागी झोपे. मी त्याचा वर्गशिक्षक होतो आणि हे मला ठाऊक नव्हते. आलेख तेथे तुटला होता, आणि आम्ही दोघांनी पट्टी ठेवून त्यावरून रेषा ओढली होती.

दाखला काढला नाही. मुलगा शाळा सुटल्यावर एक तास वर्गातच बसून अभ्यास उरकू लागला, त्याच्याबरोबर आणखी चौघे बसू लागले. दिवसाआड मीही थांबत असे. दहावीला त्याला गणितात ५७ मिळाले. फार मोठा आकडा नाही, पेपरात फोटो येण्याजोगा तर नाहीच. पण आमच्या रेषेने उणे २० सांगितले होते.

पालकांनो, आलेखाचा उपयोग काय, या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. तो शिकलेला माणूस दोन आकड्यांवरून निकाल देत नाही. तो मधले विचारतो. आपल्या वस्त्यांत मुलांना नववी-दहावीतून काढून कामाला लावतात आणि मुलींना "पुढे शिकून काय करायचे आहे" म्हणून घरी बसवतात, तेव्हा बहुतेक वेळा पट्टीच चाललेली असते. मुलींच्या बाबतीत तर कित्येकदा गुण पाहिलेही जात नाहीत, बिंदू मांडण्याआधीच रेषा ओढलेली असते. निदान दाखल्याचा अर्ज लिहिण्यापूर्वी एकदा शाळेत या, आमच्यासमोर बसा. आणि आम्हा शिक्षकांनाही विचारा की सर, मधे काय झाले, तुम्ही पाहिलेत का? आम्हाला उत्तर देता आले नाही, तर ती उणीव आमची.

विद्यार्थ्यांनो, आज रात्री तो शेवटचा आलेख पट्टी न लावता काढा आणि उद्या मला आणून दाखवा. चुकला तरी आणा. चुकलेल्या आलेखावर बोलण्यासारखे पुष्कळ असते.

अल्लाह आपल्या मुलामुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो.